गाडी पेलते ती हवा: टायर आणि चाकांची निगा

गाडी सुरू केली आणि डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागलेला दिसला. घोड्याच्या नालासारखा आकार, खालची कड दातेरी आणि मध्ये उद्गारचिन्ह. खाली उतरून चारही चाकांकडे नजर टाकली तर सगळं ठीकच दिसतं. मग ‘सेन्सर बिघडला असेल’ असं म्हणत दोन-चार दिवस गाडी तशीच पळवली जाते. पुढे कधीतरी सर्व्हिसिंगला गेल्यावर समोरचा माणूस एका दमात विचारतो: अलाइनमेंट करायची का, बॅलन्सिंग करायचं का, टायर रोटेट करू का, साधी हवा की नायट्रोजन? यातलं काय गरजेचं आणि काय नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून एक तर सगळ्याला हो म्हटलं जातं किंवा सगळ्याला नाही.

हे सगळे प्रश्न एकमेकांना जोडलेले आहेत. एक मूळ गोष्ट कळली की बाकीची उत्तरं आपोआप लागायला लागतात. त्या पिवळ्या दिव्यापासूनच सुरू करू.

दिवा लागतो तो उशिरा

अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली. तिचं इंग्रजी आद्याक्षरी नाव टीपीएमएस. अमेरिकेच्या नियमानुसार हवेचा दाब ठरलेल्या आकड्यापेक्षा २५ टक्क्यांनी खाली गेला की दिवा लागला पाहिजे. दाब मोजायचं नेहमीचं एकक म्हणजे पीएसआय. तुमच्या गाडीसाठी ३३ पीएसआय ठरलेला असेल, तर या हिशेबाने दिवा लागतो २५ च्या आसपास. म्हणजे टायर ३१ वर, २९ वर, २७ वर चालत होता तेव्हा डॅशबोर्ड गप्प होता. तो दिवा म्हणजे धोक्याची शेवटची घंटा आहे. आधीच्या सगळ्या पायऱ्या आपल्यालाच मोजायच्या आहेत.

ही यंत्रणा दोन प्रकारची असते. एका प्रकारात प्रत्येक चाकात दाब मोजणारा छोटा सेन्सर बसवलेला असतो. दुसऱ्यात सेन्सर नसतोच. हवा कमी झालेलं चाक किंचित बसतं, त्याचा घेर किंचित कमी होतो, म्हणून ते इतर चाकांपेक्षा जरा जास्त वेगाने फिरतं. गाडीचा संगणक हा फरक ओळखतो. युक्ती हुशारीची आहे, पण चारही टायरमधली हवा सारखीच हळूहळू उतरत गेली, तर फरक पडतच नाही आणि साधी यंत्रणा फसू शकते. नेमकी हीच गोष्ट सगळ्यात जास्त घडते. चांगल्या, पंक्चर नसलेल्या टायरमधूनही रबर भेदून हवा बाहेर जात असते, साधारण महिन्याला १ पीएसआयपर्यंत. (दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहत असेल, तर बहुधा हवा नव्हे, यंत्रणाच तपासायची वेळ आली आहे.)

वजन उचलतं कोण?

टायर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर रबर येतं. पण टायरमधली हवा काढून टाका: गाडी खाली बसते, रबराची भिंत चिरडली जाते आणि वजन जातं थेट रिमवर. टायर तोच, रबर तेवढंच. गेली ती फक्त हवा. भार पेलायचं बहुतेक काम हवा करते. रबर, त्यातले कापडी दोरे आणि पोलादी तारा मिळून बनतं ते हवा कोंडून धरणारं एक मजबूत पोतं.

एक सोपा हिशेब करून बघा. गाडीचं वजन १२०० किलो धरलं, तर प्रत्येक चाकावर सुमारे ३०० किलो आले. ३३ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलोचा दाब. ३०० ला २.३ ने भागलं की उत्तर येतं १३० चौरस सेंटिमीटर. हे झालं टायर जमिनीला टेकतो तेवढ्या जागेचं माप. टायरच्या भिंतीच्या ताठपणामुळे खरा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण अंदाज बरोबर आहे. १३० चौरस सेंटिमीटर म्हणजे एक पोस्टकार्ड. चारही चाकांची जागा एकत्र केली तरी ती ए-४ कागदापेक्षा लहान भरते.

ब्रेक, स्टेअरिंग, इंजिनाची ताकद, एबीएस, सगळ्यांचं काम शेवटी या चार पोस्टकार्डांमधूनच रस्त्यापर्यंत पोहोचतं. मला टायरची काळजी वाटायला लागली ती हा हिशेब पहिल्यांदा कागदावर मांडल्यापासून.

हवेवर गाडी चालवायची कल्पना तशी जुनी. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं होतं, पण ते मागे पडलं. १८८८ मध्ये बेल्फास्टमधले पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलचा खडखडाट कमी करण्याच्या खटपटीतून तीच कल्पना नव्याने शोधली आणि तिथून टायरचा उद्योग उभा राहिला. थॉमसनचा आधीचा दावा उघड झाल्यावर डनलॉप यांचं पेटंट टिकलं नाही. हवेचं चाक मात्र टिकलं.

हवा कमी असली की टायर तापतो

लोखंडी तार एकाच जागी मागे-पुढे वाकवत राहिलो की ती जागा बोटाला चटका बसेल इतकी गरम होते आणि शेवटी तार तुटते. कमी हवेच्या टायरचं तसंच होतं. टायरचा जो भाग जमिनीला टेकतो त्याच्या बाजूची भिंत वाकते, पुढे गेल्यावर सरळ होते. एका किलोमीटरमध्ये साधारण मोटारीचं चाक ५०० हून जास्त वेळा फिरतं; ताशी १०० किलोमीटर वेगाला तासाभरात ही वाकण्याची संख्या पन्नास हजारांवर जाते. हवा पुरेशी असेल तर भिंत थोडीशीच वाकते. हवा कमी असेल तर प्रत्येक फेरीत ती जास्त खोल वाकते, आतली उष्णता साचत जाते आणि रबर व दोरे यांची एकमेकांवरची पकड सुटायला लागते. मोठ्या रस्त्यावर वेगात टायर फुटण्यामागे अनेकदा हेच असतं: कमी हवा, भरलेली गाडी, तापलेला रस्ता आणि न थांबता केलेला लांबचा प्रवास, सगळं एकाच दिवशी.

टायरच्या कडेला आकाराबरोबर ९१व्ही यासारखी एक खूण असते. त्यातला ९१ हा वजनाचा निर्देशांक. त्याचा अर्थ हा टायर ६१५ किलोपर्यंत भार घेऊ शकतो. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. एच असेल तर २१०, टी असेल तर १९०. पण ही क्षमता टायरमध्ये पुरेशी हवा असतानाची आहे. हवा उतरली की त्याच टायरची वजन पेलायची ताकदही उतरते, कडेला छापलेला आकडा मात्र तसाच दिसत राहतो.

इंधनही जास्त जळतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अंदाजाने, चारही टायरमधला दाब सरासरी १ पीएसआयने कमी झाला की सुमारे ०.२ टक्के. म्हणजे ५ पीएसआय कमी असली तर १ टक्का. बचत चांगलीच, पण हवा तपासायचं खरं कारण हे नव्हे. खरं कारण आधीच्या परिच्छेदांत आहे.

‘पण बघून तर हवा बरोबर वाटते’

डोळ्यांवर विसंबू नका. आजचे रेडियल टायर भरलेले असतानाही खाली थोडे फुगलेले दिसतात. रेडियल म्हणजे ज्यात आतले दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात तो टायर. त्याची बाजूची भिंत लवचिक असते. त्यामुळे ३३ आणि २६ यांतला फरक बघून ओळखणं अवघड. लाथ मारून तर काहीच कळत नाही. दाबमापक, म्हणजे हवा मोजायचा गेज, स्वतःजवळ ठेवा. पंपावरचे गेज दिवसभर आपटले जातात, एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही. आपला एकच गेज नेहमी वापरला की निदान मागच्या महिन्याशी तुलना तरी खरी होते.

मोजायचं ते टायर थंड असताना: गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा जेमतेम किलोमीटर-दीड किलोमीटर सावकाश चालवलेली असावी. कारण चालताना हवा तापते आणि दाब वाढतो. सकाळी ३० अंशांना ३३ पीएसआय असलेला टायर आतून ५५ अंशांपर्यंत तापला, तर आकडा जातो ३७ च्या घरात. इथेच एक चूक फार जण करतात. प्रवासात मध्येच थांबून मोजतात, आकडा जास्त दिसतो म्हणून हवा सोडून देतात. संध्याकाळी टायर थंड होतो आणि ठरलेल्यापेक्षा ४ पीएसआय कमी निघतो. तापलेल्या टायरमधली हवा कधीही काढू नका. वाढलेला दाब गृहीत धरूनच कंपनीने थंड टायरचा आकडा ठरवलेला असतो.

याच नियमाची दुसरी बाजू थंडीत दिसते. तापमान १० अंशांनी उतरलं की दाब सुमारे दीड पीएसआयने उतरतो. पहिल्या गार सकाळी कित्येक गाड्यांचा पिवळा दिवा लागतो तो यामुळे.

आता, बरोबर आकडा कोणता? ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक स्टिकर असतो. त्यावर बहुतेकदा दोन आकडे असतात: एक-दोन माणसांसाठी वेगळा आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा; पुढच्या-मागच्या चाकांचेही वेगळे असू शकतात. टायरच्या कडेला ४४ किंवा ५१ पीएसआय असा जो आकडा छापलेला असतो, तो त्या टायरची कमाल मर्यादा. तुमच्या गाडीशी त्याचा संबंध नाही. सगळ्यांना सरसकट ३५ भरणाऱ्याला हवा भरण्याआधीच स्टिकरवरचा आकडा सांगा.

‘मग थोडी जास्तच भरली तर?’

दोन-तीन पीएसआय जास्त असण्याने आभाळ कोसळत नाही, आणि कमीपेक्षा किंचित जास्त बरी हेही खरं. पण ‘जास्त हवा म्हणजे जास्त आयुष्य’ हा हिशेब चुकीचा आहे. टायर फुग्यासारखा ताणला की मधला भाग वर येतो, पोस्टकार्ड लहान होतं आणि सगळी झीज मधोमध होते. खडबडीत रस्त्यावर चाक उसळतं. जितका वेळ ते हवेत, तितका वेळ ब्रेक नाही. आणि खड्ड्यात आपटताना नरम गादीसारखं काम करायला टायरमध्ये वावच उरलेला नसतो.

नायट्रोजन हवा की साधी?

आपण श्वास घेतो त्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. उरलेल्यात मुख्यतः ऑक्सिजन आणि थोडी वाफ. शुद्ध नायट्रोजन भरल्याने दोन गोष्टी होतात: आत ओलावा जात नाही आणि रबरातून हवा थोडी सावकाश झिरपते. विमानांच्या आणि शर्यतीच्या गाड्यांच्या टायरमध्ये याला अर्थ आहे. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांसाठीच्या नियतकालिकाने टायर ३० पीएसआयला भरून वर्षभर बाहेर ठेवले होते. साध्या हवेच्या टायरमधून वर्षात सरासरी ३.५ पीएसआय गेली, नायट्रोजनच्या टायरमधून २.२. फरक आहे, पण वर्षभरात सव्वा पीएसआयचा.

नायट्रोजन तापल्यावर फुगत नाही असं सांगितलं जातं, ते खरं नाही. तापमान वाढलं की कोरड्या हवेचा आणि नायट्रोजनचा दाब सारखाच वाढतो. माझं स्पष्ट मत असं: फुकट मिळत असेल तर घ्या, पण नायट्रोजन आहे म्हणून महिनोन्‌महिने मोजणं सोडलंत तर साधी हवा भरून नियमित मोजणाऱ्यापेक्षा तुमचे टायर वाईट अवस्थेत असतील. आणि नायट्रोजनच्या टायरमध्ये अडीअडचणीला साधी हवा भरली तर काहीही बिघडत नाही. ‘मिसळायची नाही’ म्हणून कमी हवेवर गाडी रेटणारी माणसं मी पाहिली आहेत. असं कृपा करून करू नका.

नक्षी शोभेसाठी नसते

कोरड्या, गुळगुळीत डांबरावर नक्षी नसलेला टायरसुद्धा चांगला धरतो. शर्यतीच्या गाड्या कोरड्या ट्रॅकवर अशाच टायरवर पळतात. खाचा लागतात त्या पाण्यासाठी.

रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी साचलंय, टायर १९५ मिलिमीटर रुंद आहे आणि वेग ताशी ८० किलोमीटर. एका चाकाला दर सेकंदाला बाजूला सारावं लागणारं पाणी होतं १३ लिटर. म्हणजे सेकंदाला जवळजवळ एक बादली, तीही प्रत्येक पुढच्या चाकाला. खाचा खोल असतील तर पाण्याला जायला वाट मिळते. नसतील तर ते टायरखाली पाचरीसारखं शिरतं आणि चाक पाण्यावर तरंगतं. त्या क्षणी स्टेअरिंग एकदम हलकं लागतं, ब्रेक दाबून उपयोग होत नाही. असं झालंच तर स्टेअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढायचा आणि चाकं पुन्हा टेकायची वाट बघायची.

इथेही हवेचा संबंध येतोच. १९६० च्या दशकात नासाच्या संशोधकांनी ओल्या धावपट्टीवर विमानांची चाकं का घसरतात याचा अभ्यास केला. चाक पाण्यावर कोणत्या वेगाला तरंगेल हे टायरमधल्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतं, असं त्यांना आढळलं. ते सूत्र मोटारीच्या टायरला तंतोतंत लागू होत नाही, खाचांची खोली आणि टायरची रुंदीही पाहावी लागते. पण ढोबळ अंदाज घ्यायचा तर ३३ पीएसआयला तो वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास निघतो आणि २४ ला ८० च्या आसपास. हवा कमी झाली की पावसातला सुरक्षित वेगही कमी होतो, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. अनेक देशांत कायद्याची किमान मर्यादा आहे १.६ मिलिमीटर. मुख्य खाचांच्या तळाशी तेवढ्याच उंचीचे रबराचे छोटे बांध मुद्दाम ठेवलेले असतात. झिजून टायरची पातळी त्या बांधांना भिडली की टायर संपला. पाऊस जास्त पडतो तिथे मी तरी ३ मिलिमीटरच्या खाली वाट पाहणार नाही. शेवटचे दीड-दोन मिलिमीटर वापरून जे वाचतं, ते एका ओल्या वळणावर जाऊ शकतं.

टायर कुठे झिजलाय ते वाचा

दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग चांगला असेल, तर बरेच दिवस हवा कमी होती. उलटं असेल तर जास्त. एकच कड, विशेषतः आतली, खाल्ली गेली असेल तर चाकाचा कोन चुकलाय. या आतल्या कडेने कितीजणांना फसवलंय! बाहेरून टायर छान दिसतो आणि आतून पोलादी तारा दिसू लागलेल्या असतात. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून वाकून बघितल्याशिवाय ती दिसत नाही.

चाकांचे कोन ठरलेल्या मापात आणणं म्हणजे अलाइनमेंट. त्यातल्या एका कोनाचा त्रास सगळ्यात जास्त. काही माणसं चालताना पावलं आत वळवून चालतात, काही बाहेर फाकवून. पुढची दोन चाकंही वरून पाहिली तर तशी किंचित आत किंवा बाहेर वळलेली असू शकतात. चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेत फक्त दीड मिलिमीटरचा तिरकेपणा जास्तीचा असला, तरी हिशेबाने ते चाक प्रत्येक किलोमीटरला सुमारे अडीच मीटर आडवं घासलं जातं. दहा हजार किलोमीटरमध्ये पंचवीस किलोमीटर! टायरवरून हात फिरवला तर नक्षी एका दिशेला मऊ आणि उलट दिशेला करवतीसारखी लागते. दुसरा कोन समोरून दिसतो, चाक वरच्या बाजूला आत किंवा बाहेर कललेलं. तिसरा, स्टेअरिंग आपोआप सरळ आणणारा, क्वचितच बिघडतो.

सपाट, सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, सरळ जाताना स्टेअरिंग वाकडं राहत असेल, मोठा खड्डा जोरात बसला असेल किंवा स्टेअरिंग-सस्पेन्शनचे भाग बदलले असतील, तर अलाइनमेंट करून घ्या. काम झाल्यावर आधीच्या आणि नंतरच्या कोनांचा छापील कागद मागा. तो कागद दाखवता येत नसेल तर काम काय झालं हे तुम्हाला कळणारच नाही.

बॅलन्सिंग ही वेगळी गोष्ट. चाकाचं वजन सगळीकडे सारखं वाटलेलं नसेल तर वेगात ते थरथरतं. ३० ग्रॅम ही मूठभर शेंगदाण्यांएवढी गोष्ट. पण रिमच्या कडेला हे ३० ग्रॅम जास्तीचे असले, तर ताशी १०० किलोमीटरला ते सुमारे ५ किलोच्या जोराने चाकाला बाहेर ओढतात, आणि ओढायची दिशा सेकंदाला १४-१५ वेळा फिरते. म्हणून ८० ते १०० च्या दरम्यान स्टेअरिंग थरथरायला लागतं. रिमला छोटी वजनं चिकटवून हा तोल साधतात. नवा टायर बसवला, पंक्चरसाठी टायर रिमवरून उतरवला किंवा वजन गळून पडलं की बॅलन्सिंग पुन्हा करावं लागतं. टायरवर ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडले असतील, तर मात्र फक्त बॅलन्सिंग करून भागणार नाही. शॉक ॲब्सॉर्बर तपासा.

चाकांची अदलाबदल, म्हणजे रोटेशन, का करायचं ते सोपं आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढची चाकं गाडी ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा मोठा भारही घेतात, म्हणून लवकर झिजतात. दर ८ ते १० हजार किलोमीटरला पुढची सरळ मागे आणि मागची डावी-उजवी अदलाबदल करून पुढे, असं फिरवलं की चारही सारखी झिजतात. टायरच्या कडेला बाण असेल तर तो एकाच दिशेने फिरायचा टायर आहे. त्याची बाजू बदलायची नाही, फक्त पुढे-मागे. पुढच्या आणि मागच्या टायरचा आकार वेगळा असेल तर तेही करता येत नाही.

खड्डा, फुगवटा आणि पंक्चर

खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये टायरची भिंत चिमटली गेली की आतले दोरे तुटतात. बाहेर लिंबाएवढा फुगवटा दिसायला लागतो. तिथे हवा अडवून धरायला आता फक्त रबर उरलंय, दोरे नाहीत. याला दुरुस्ती नाही. माझ्या गाडीला असा फुगवटा आला होता आणि ‘सुपारीएवढाच तर आहे’ म्हणून मी आठवडाभर गाडी चालवली. टायर उतरवल्यावर आतून तुटलेल्या दोऱ्यांचे शेंडे पाहिले तेव्हा त्या आठवड्यातला प्रत्येक प्रवास आठवला, त्यातले दोन मुलांना घेऊन केलेले.

पंक्चरच्या बाबतीत ट्यूबलेस टायरने आपल्याला थोडं बेफिकीर केलं आहे. खिळा रुतून बसला तरी हवा हळूहळू जाते, म्हणून माणूस चालवत राहतो. भोक नक्षीच्या भागात असेल आणि ६ मिलिमीटरपेक्षा मोठं नसेल तरच ते नीट दुरुस्त होतं. बाहेरून चिकट दोरी खुपसून काढलेलं पंक्चर हा तात्पुरता उपाय. पक्का उपाय म्हणजे टायर उतरवून, आतून तपासून, आतल्या बाजूने छत्रीच्या आकाराचा पॅच बसवणं. टायर उतरवण्यातच खरा फायदा आहे, कारण कमी हवेवर चालवल्याने आतली भिंत घासून रबराचा चुरा पडला असेल तर तो तेव्हाच दिसतो. भिंतीत किंवा खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून भिंत सुरू होते तिथे, भोक असेल तर टायर बदलायचाच.

एकाच चाकातली हवा दर महिन्याला जास्त उतरत असेल तर साबणाचं पाणी लावून बघा. व्हॉल्ववर, रिमच्या कडेने, नक्षीवर. बुडबुडे जागा दाखवतात. पुष्कळदा दोष रबरी व्हॉल्वचाच असतो, म्हणून नव्या टायरसोबत व्हॉल्वही नवा घालावा. अलॉय रिमच्या कडेला गंज धरला असेल किंवा रिम वाकली असेल, तरी हवा तिथून निघते.

‘नक्षी भरपूर आहे, मग बदलायचा कशाला?’

कारण रबर न वापरताही म्हातारं होतं. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी ते कडक होतं, बाजूला बारीक चिरा पडतात. कमी चालणाऱ्या गाड्यांचे टायर बहुतेक असेच संपतात. टायरच्या कडेला डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार अंक असतात. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा. हे अंक कधीकधी एकाच बाजूला, तेही आतल्या, असतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावेत. काही गाडी-कंपन्या सहा वर्षांनी बदलायला सांगतात, आणि दहा वर्षांच्या पुढे तर दिसायला कितीही चांगला असला तरी वापरू नये, असं अनेक टायर-कंपन्या सांगतात. नवा टायर घेतानाही ही तारीख आधी बघा.

दोनच नवे घेतले तर पुढे की मागे?

बहुतेकांचं उत्तर ‘पुढे’ असतं. ते तर्काला धरून वाटतं, पण बरोबर उत्तर मागे असं आहे. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी वळायचं सोडून सरळ जायला लागते. पाय उचलला, वेग कमी झाला की ती पुन्हा ऐकते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरायला शर्यतीच्या ड्रायव्हरचं कसब लागतं. पुढची चाकं जास्त झिजतात हे खरं, म्हणून आधीचे बरे टायर पुढे आणि नवे मागे. दोन्ही बाजूंना एकाच आकाराचे, एकाच बनावटीचे.

नट आवळणं हेही मोजून करायचं काम

टायर बदलताना हवेवर चालणारी बंदूक घेऊन घर्रर्र करत नट आवळले जातात. जास्त आवळले की बोल्ट ताणले जातात, पुढे रस्त्यात पंक्चर झाल्यावर आपल्या पान्याने ते सुटत नाहीत. कमी आवळले तर चाक सैल होतं. प्रत्येक गाडीचा ठरलेला जोर मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात, आणि शेवटची आवळणी जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने करायची असते. नट ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळायचे, म्हणजे चाक सरळ बसतं. आणि ५० ते १०० किलोमीटर चालवल्यानंतर पुन्हा एकदा तपासायचे.

राहिली स्टेपनी. डिकीत गालिच्याखाली पडलेल्या त्या टायरमधली हवाही दर महिन्याला उतरते, आणि तिच्यासाठी डॅशबोर्डवर बहुधा दिवाही नसतो. चार टायर मोजताना पाचवाही मोजा. ती बारीक, तात्पुरत्या वापराची स्टेपनी असेल तर तिचा दाब बराच जास्त, अनेकदा ६० पीएसआय असतो आणि वेगाची मर्यादा साधारण ताशी ८० किलोमीटर; दोन्ही आकडे तिच्यावरच छापलेले असतात. जॅक आणि पाना तिच्याजवळच आहेत ना, तेही गालिचा उचललाच आहे तर बघून घ्या.